लाल टाका, लाल पेन्सिल

४ मार्च

ती. मामा,

साष्टांग नमस्कार नुसता लिहिते आहे, घालत नाही. दिवसभर उभं राहून गुडघे वाकायचं विसरलेत.

तुमची भाची आज अख्ख्या हॉटेलात गाजली. लिननरूम म्हणजे काय हे तुम्ही दर भेटीत विचारता, म्हणून पुन्हा सांगते: चादरी, टॉवेल, नॅपकिन जिथे तपासतात, शिवतात आणि घड्या घालून ठेवतात ती खोली. गेल्या महिन्यात नव्या मॅनेजरबाई आल्या आणि त्यांनी फर्मान काढलं की खाली धुलाईला जाणारी प्रत्येक चिठ्ठी इंग्रजीत हवी. आज मला चारपर्यंत टॉवेल हवे होते. मी ऐटीत लिहिलं, 'सेंड टॉवेल्स अनटिल फोर'. धुलाईवाले आज्ञाधारक निघाले. दर दहा मिनिटांनी एक ढकलगाडी वर येऊ लागली. मी नको नको म्हणतेय आणि ते चिठ्ठी दाखवताहेत. चार वाजता गाड्या थांबल्या तेव्हा मी टॉवेलांच्या मागे कुठे आहे हे आमच्या लिननरूमप्रमुख मोठ्या बाईंना हाक मारून विचारावं लागलं.

हसून झालं असेल तर पुढचं वाचा. मोठ्या बाई मेअखेर निवृत्त होताहेत. त्यांच्या जागेसाठी वीस एप्रिलला पेपर आहे. चाळीस जोड्या, प्रत्येकीत दोन सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी वाक्यरचना, एक बरोबर, एक चूक. तीस जमल्या तर जागा मला, नाहीतर बाहेरून माणूस आणणार. मामा, तीन वर्षं त्यांचं काम मी करतेय आणि सही त्या करतात. मला ती खिडकीजवळची खुर्ची हवी आहे. अकरा वर्षांनी मला बसायचंय.

तुम्ही चाळीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासलीत. मला शिकवा.

तुमची,
भिंगरी

---

९ मार्च

चि. भिंगरी,

लहानपणी एका जागी बसत नव्हतीस म्हणून तुझं हे नाव मी ठेवलं, आणि आता तुला खुर्ची हवी! आनंद आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा टॉवेलांसाठी, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. मराठीत लिहिलंस तरी सात चुका आहेत. पत्र सोबत परत पाठवतोय, लाल खुणा पाहून घे. रडू नकोस, यापूर्वी मोठमोठ्या डॉक्टरांना रडवलंय.

आता टॉवेल. आपलं 'पर्यंत' फार भोळं आहे, दोन्ही कामं करतं. इंग्रजांनी दोन नोकर ठेवलेत. चारच्या आत एकदा काम उरकायचं तर 'बाय फोर'. चार वाजेस्तोवर चालूच ठेवायचं तर 'अनटिल फोर'. तसंच 'ऑन टाइम' म्हणजे घड्याळात ठरलेल्या वेळी, आणि 'इन टाइम' म्हणजे उशीर व्हायच्या आत. तुझी गाडी सातला यायची ती सातला आली, ऑन टाइम. पाहुणा पलंगावर पडायच्या आत चादर अंथरली गेली, इन टाइम. यावर पाच वाक्यं करून पाठव, सगळी तुझ्या कामातली. परक्याच्या कामातली वाक्यं डोक्यात राहत नाहीत.

आणि एक शिस्त. दर पत्रात मी दहा जोड्या पाठवीन. खूण फक्त चुकीला करायची. बरोबर मजकुराला पेन्सिल लावायची नाही, तो आपापला सुखी असतो. आमच्या धंद्यात हे पहिल्या दिवशी शिकवतात.

छापखान्याने निरोप देताना बारा लाल पेन्सिली दिल्या होत्या. आठ वर्षांत एकीलाही टोक केलं नव्हतं. तुझ्यापायी आज पहिली काढली. मोठी खर्चिक भाची आहेस.

मामा

---

१८ मार्च

ती. मामा,

चुकीला खूण करायची, बरोबर असेल ते सोडून द्यायचं, हे तुम्ही मला शिकवायची गरज नव्हती. आमच्याकडेही तेच. चादर उजेडासमोर धरायची. विरलेली, डागाळलेली, उसवलेली दिसली की कोपऱ्यात एक लाल टाका. चांगली चादर तशीच फळीवर. अकरा वर्षांत इतके लाल टाके घातलेत की झोपेतही हात तसाच जात असेल. म्हणजे आपण दोघं एकाच धंद्यातले, फक्त तुम्ही बसून करत होतात.

तुमच्या दहा जोड्या सोबत. शिवाय वाक्यं: 'आय ॲम यूज्ड टू स्टँडिंग', मला उभं राहायची सवय आहे. 'आय यूज्ड टू स्टँड', मी पूर्वी उभी राहायचे. हे दुसरं जून महिन्यात म्हणणार आहे, आत्तापासून पाठ करून ठेवलंय.

'मेड ऑफ' आणि 'मेड फ्रॉम' मोठ्या बाईंना समजावून सांगितलं. टॉवेल सुताचा, सूत अजून दिसतं, तर 'ऑफ'. कागद लाकडाचा, पण लाकूड आता कुठे दिसतंय, तर 'फ्रॉम'. त्या म्हणाल्या, तुझे मामा लग्नाचे असते तर आमच्या बहिणीसाठी विचारलं असतं. मी म्हटलं, ते अजून लग्नाचेच आहेत, फक्त लग्न तेवढं राहिलंय.

त्यावरून आठवलं. 'मॅरिड टू' की 'मॅरिड विथ'? मला 'टू' ऐकल्यासारखं वाटतं.

भिंगरी

---

२४ मार्च

चि. भिंगरी,

मोठ्या बाईंना माझा नमस्कार सांग आणि बहिणीचा विषय तिथेच घडी घालून ठेव.

दहापैकी दहा. मला जरा वाईटच वाटलं, पेन्सिलीला कामच उरलं नाही. तुझ्या पत्रात मात्र चार चुका आहेत, तेवढ्यावर समाधान मानलं.

'मॅरिड विथ'. यात विचारण्यासारखं काय आहे? लग्न कुणाबरोबर तरी करतात, कुणाला तरी करत नाहीत. तसंच 'डिस्कस अबाउट'. चर्चा कशाबद्दल तरीच होते ना? आणि संकटाला पुरून उरायचं ते 'कोप अप विथ'. 'अप' काढलंस तर वाक्य बसकण मारतं. या तिन्ही बाबतींत कुणी काही सांगितलं तर माझं नाव सांग.

पुढच्या दहा सोबत. ऐकल्यासारखं वाटणं बंद कर, मी आहे ना.

मामा

---

२१ एप्रिल

ती. मामा,

झाला पेपर! चाळीस जोड्या, अर्धा तास दिलेला, माझ्या बारा मिनिटांत संपल्या. मॅनेजरबाई एवढंच म्हणाल्या, "प्रत्येक जोडीत एक बरोबर आहे, एक चूक. खुणा करा." मी धडाधड करत गेले. आपल्या 'बाय-अनटिल'ची जोडी दिसली तेव्हा तर मला हसूच आलं. लग्नाची होती, चर्चेची होती, संकटाचीही होती. तिन्ही तुमच्या म्हणण्याप्रमाणे.

स्वागतकक्षातला एकजणही याच जागेसाठी पेपराला होता, घाम पुसत बसला होता. मला त्याची दया आली. दोन मेला निकाल.

मोठ्या बाईंनी खुर्चीवरची उशी आत्ताच माझ्या नावे केली.

भिंगरी

---

१४ मे

चि. सौ. लिननरूमप्रमुख बाईसाहेब यांस,

दोन तारीख उलटून बारा दिवस झाले. खुर्चीवर बसल्यापासून हात टेबलापर्यंत पोचत नाहीत की काय? की आता पत्रं लिहायला माणूस ठेवायचाय? आमच्यासारख्या साध्या मास्तरांना निदान चिठ्ठी तरी टाकावी. इंग्रजीत टाकलीत तरी चालेल, आम्हाला थोडंफार येतं.

शेजाऱ्यांना सांगून टाकलंय की भाची प्रमुख झाली. त्यांनी चहा मागितला, मी पाजला. कोपऱ्यावरच्या टपालवाल्यालाही सांगितलंय. तो रोज दारावरून जाताना मान हलवतो, म्हणजे पत्र नाही.

उंचीवर गेलेल्या माणसांना खालची दिसत नाहीत असं ऐकून होतो. खिडकीजवळ बसतेस ना? मग खाली बघ.

मामा

---

१९ मे

मामा,

चाळीसपैकी तीन.

इतके दिवस का लिहिलं नाही ते कळलं असेल. मॅनेजरबाई वाईट नाहीत, पण त्या जे बोलल्या ते डोक्यातून जात नाही. म्हणाल्या, "डोळे मिटून खुणा केल्या असत्यात तरी वीस आल्या असत्या." घाम पुसणाऱ्याला अठ्ठावीस मिळाल्या. तोही नापास, पण माणसात आहे. एक जूनला बाहेरून कुणीतरी येणार. जागा लागलीच भरायची म्हणून माणूस बघून ठेवलाय.

मी मोठ्या बाईंना अजून निकाल सांगितलेला नाही. त्या रोज मला कपाटांची कुठली किल्ली कुठे लागते ते शिकवताहेत आणि मी मान डोलावत शिकतेय. लाज वाटते.

मामा, मी राग धरणार नाही, पण खरं सांगा. तुम्हाला इंग्रजी येतं ना? तुम्ही सांगितलंत तस्संच मी केलं. एकही जोडी मनाने केली नाही. पेपरची नक्कल ऑफिसातून मागून घेतली, ती सोबत पाठवतेय. बघा काय ते. मला आता त्याच्याकडे बघवत नाही.

शेजाऱ्यांना काहीतरी सांगून वेळ मारून न्या.

भिंगरी

---

२३ मे

चि. भिंगरी,

तुझं पत्र आलं तेव्हा जेवत होतो, ताट तसंच राहिलं. मागच्या पत्रातल्या थट्टेबद्दल माझा मलाच राग आला. तू तिथे तोंड लपवून बसलीस आणि मी इथे बाईसाहेब, बाईसाहेब करत होतो.

तू खरं विचारलंस, खरं सांगतो. मी इंग्रजी शिकलो नाही. आठवीत शाळा सुटली. छापखान्यात आधी कागद उचलायचो, मग छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला लागलो, मग एकदा एक चूक दाखवली आणि मालकांनी लाल पेन्सिल हातात दिली. चाळीस वर्षं औषधांची माहितीपत्रकं आणि यंत्रांच्या पुस्तिका तपासल्या. मला चूक दिसते. का चूक आहे ते मला कधीच कुणी सांगितलं नाही, म्हणून मला सांगता येत नाही. तुला जी कारणं सांगितली ती मी रात्री बसून जुळवलेली असायची. एवढं मात्र खरं की तुझं पत्र आलं की पुन्हा कामावर गेल्यासारखं वाटायचं. म्हणून मी कधी नाही म्हणालो नाही. माझ्या हौसेपायी तुझी खुर्ची गेली असेल तर मी स्वतःला माफ करणार नाही.

म्हणून तुझा पेपर घेऊन बसलो. खिडकीपाशी, भिंग घेऊन, चाळीसही जोड्या तीन तीनदा पाहिल्या. भिंगरी, मला काही सुचेनासं झालंय. पेपर अचूक आहे! तुझी एकूण एक खूण बरोब्बर चुकीच्याच वाक्यावर पडली आहे, एकही चांगलं वाक्य तू खराब केलेलं नाहीस. इतकं स्वच्छ प्रूफ मी आयुष्यात पाहिलं नाही. मी चाळीसपैकी चाळीस देतो. तपासणाऱ्याला एकतर चष्मा लागलाय किंवा मी म्हातारा झालोय.

तू सांगशील ते मान्य. पण जेव.

मामा

---

३० मे

ती. मामा,

तुम्ही म्हातारे झालेला नाहीत. आपण दोघं ठार वेडे आहोत, एवढंच.

तुमचं पत्र मी लिननरूममध्ये उभ्याउभ्या वाचलं. एका हातात पत्र, दुसऱ्या हातात सुई, समोर टेबलावर विरलेली चादर. 'एकूण एक खूण चुकीच्याच वाक्यावर' इथपर्यंत आले आणि सुई तशीच हातात राहिली. मामा, जगात लोक बरोबर वाक्याला खूण करतात! शाळेत करतात, ऑफिसात करतात, सगळीकडे करतात. चुकीला खूण करणारी माणसं या पृथ्वीवर दोनच, एक तुम्ही आणि एक मी. आणि आपलीच गाठ पडायची होती! मी मोठ्याने हसले आणि मग टेबलाला टेकून रडले. मोठ्या बाई धावत आल्या. त्यांना सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, मग? खूण चुकीलाच करतात ना?" म्हणजे आपण तिघं.

मॅनेजरबाईंकडे जाऊन गयावया करणार नव्हते. दोन घडी केलेल्या चादरी घेतल्या. एक कोरी, एक लाल टाक्याची. त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, "यातली कुठली पाहुण्याच्या पलंगावर घालाल?" त्यांनी टाका निरखून पाहिला आणि लाल टाक्याची उचलली. म्हणाल्या, "ही. हिच्यावर तुमच्या तपासणीची खूण आहे." मी म्हटलं, उलगडा. त्यांनी उलगडली. मधोमध एवढं भोक होतं की त्यातून त्यांना मी दिसले.

त्यांनी चादर बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "तुमचा पेपर आणते." समोर बसून उलटा तपासला. मध्येच एकदा म्हणाल्या की त्या दिवशी 'खुणा करा' एवढंच बोलून गेल्या, कशाला ते बोलल्याच नाहीत. मग बेरीज केली. सदतीस! लगेच फोन उचलला आणि बाहेरच्या माणसाला येऊ नका म्हणून कळवलं.

हो, सदतीस. चाळीस नाही. आता खुर्ची घट्ट धरून बसा. उरलेल्या तीन कुठल्या असतील? लग्नाची, चर्चेची आणि संकटाची. 'मॅरिड टू' हेच बरोबर. 'डिस्कस'नंतर काहीच लागत नाही. आणि 'कोप'ला 'अप' नको, ते बसकण मारत नाही. पहिल्या तपासणीत जे तीन गुण मिळाले ना मामा, ते तुमच्या तीन चुकांमुळे मिळाले. नाहीतर भोपळाच होता. मॅनेजरबाईंनी विचारलं, हे कुणी शिकवलं? तुम्हीच म्हणाला होतात, म्हणून तुमचं नाव सांगितलं. लग्नाच्या बाबतीत तुम्हाला विचारायला गेले, चूक माझीच.

परवापासून मी खिडकीजवळ. मोठ्या बाईंनी किल्ल्या दिल्या तेव्हा त्यांचेही डोळे भरले आणि माझेही.

आठवीत शाळा सुटल्याचं तुम्ही कधी बोलला नव्हतात. मला वाटायचं तुम्ही कॉलेजात गेला होतात, कारण आई तसंच सांगायची. आई तुमच्या नावाने शेखी मिरवायची, मीही तेच सांगत राहणार.

सोबत एक पान आहे. मॅनेजरबाईंनी सगळ्यांना सांगितलंय की आपल्याला ज्यांनी काम शिकवलं त्यांच्यावर इंग्रजीत एक पान लिहा, स्वागतकक्षातल्या फलकावर लावणार आहेत. मी मोठ्या बाईंवर लिहायला बसले आणि तुमच्यावर लिहून उठले. फलकावर जायच्या आधी लाल पेन्सिल फिरवून परत पाठवा. दयामाया करू नका.

भिंगरी

---

४ जून

चि. भिंगरी,

औषधांच्या माहितीपत्रकात आणि यंत्रांच्या पुस्तिकांत कुणी लग्न करत नाही, चर्चा करत नाही आणि संकटात सापडलं तर डॉक्टरांना भेटा असं लिहिलेलं असतं. मला कसं कळणार? तरी तीन गुण मिळवून दिले, त्याचे आभार कुठे आहेत?

शेजाऱ्यांना पुन्हा चहा पाजला. त्यांनी विचारलं, हा कशाचा? म्हटलं, पहिला चुकून पाजला होता, हा खरा.

पान परत पाठवतोय. एकही खूण नाही.

मामा

---

९ जून

ती. मामा,

पत्र खुर्चीत बसून लिहितेय. टेकायला पाठ आहे हे अजून सवयीचं झालेलं नाही, सारखी उठते.

पान मिळालं. आता मला सांगा, चष्मा कुठे ठेवून बसला होतात? सहाव्या ओळीत मी लिहिलंय की माझ्या मामांनी लग्न केलं नाही, त्यांचं लग्न लाल पेन्सिलीशी झालंय. तिथे मी मुद्दाम 'मॅरिड विथ' घातलं होतं, तुमच्या पद्धतीने. म्हटलं, बघू या, शिकले की नाही. आणि तुम्ही तसंच सोडलंत! दिसलं नाही, की अजून हट्ट आहे? खरं सांगा. तुमची खूण नाही म्हणून मीही तसंच दिलं, आता ते फलकावर लागलंय आणि येणारे-जाणारे वाचताहेत.

भिंगरी

---

१३ जून

चि. भिंगरी,

दिसलं. पहिल्याच वाचनात. पेन्सिल टेकवलीही होती.

हट्ट नाही. 'टू' हवं हे आता मला पक्कं माहीत आहे, तुझ्या मॅनेजरबाईंनाही सांग. पण चाळीस वर्षं मी यंत्रांवर आणि औषधांवर लिहिलेली पानं तपासली. माझ्यावर कुणी लिहिलेलं पान हे पहिलंच. ते चार वेळा वाचलं आणि पेन्सिल पुन्हा पेटीत ठेवली. मला त्यात काही चूक काढावीशी वाटली नाही, आणि काही दुरुस्तही करावंसं वाटलं नाही.

तुझ्या या पत्रात मात्र दोन चुका आहेत. परत पाठवतोय.

मामा